एकरंगी गटातली सावळी

"दोनच दिवसांचा प्रश्न आहे," बाई पिशवी खांद्याला अडकवत म्हणाल्या. "वेळेवर चारा, वेळेवर पाणी. बाकी कशालाही हात लावायचा नाही. कळलं ना?"

"अगं, तीस वर्षं अख्खं ऑफिस सांभाळलंय मी."

"ऑफिस शेपटी मारत नव्हतं तुम्हाला."

एवढं बोलून बाई आजारी बहिणीला भेटायला निघून गेल्या आणि त्यांचे यजमान, हेडक्लार्क, गोठ्याच्या दारात उभे राहिले. निवृत्त होऊन आठ महिने झाले होते, तरी सगळे त्यांना हेडक्लार्कच म्हणत. या आठ महिन्यांत घरात त्यांना टिकेल असं एकही काम मिळालं नव्हतं. दूध तापवायला घेतलं की ते उतू जाई. धारेला बसले की गाय उठून बाजूला होई. बाई कधी ओरडत नसत, हातातलं काम हळूच काढून घेत. हेडक्लार्कांना तेच जास्त लागे. ओरडा खाणाऱ्याला निदान त्या कामात धरलेलं तरी असतं!

त्यामुळे सावळी दोन दिवस आपल्या स्वाधीन झाली, याचा त्यांना मनापासून आनंद झाला. सावळी म्हणजे बाईंची गाय. बाटलीनं दूध पाजून वाढवलेली, शिंगांपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत काळीभोर. परवाच्या प्रदर्शनात ती 'एकरंगी काळ्या गाई' या गटात उतरणार होती. दोन वर्षं तिचा दुसरा नंबर आला होता. या वर्षी पहिला यायचाच, असं बाईंनी मनाशी धरलं होतं.

पहिला दिवस सुखात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी हेडक्लार्कांना सावळीच्या पाठीवर शेणाचा एक वाळका डाग दिसला. पाण्यानं गेला नाही, साबणानं गेला नाही. दुसऱ्या कुणी तो तसाच सोडला असता. पण हेडक्लार्क आयुष्यभर पांढराशुभ्र शर्ट घालून कचेरीत बसलेले. शर्टावर शाई सांडली की ती कशी काढायची, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. कपाटात ब्लीचची एक बाटली त्यासाठी कायमची ठेवलेली असे. त्यांनी ती आणली, बोळा भिजवला, हलक्या हातानं डाग पुसला आणि दहा मिनिटं थांबले. शर्टाला तेवढीच लागत.

दहा मिनिटांनी डाग गेला होता. काळा रंगही गेला होता. सावळीच्या पाठीवर ताटाएवढा नारिंगी गोल उमटला होता.

हेडक्लार्कांनी आधी भरपूर पाणी ओतलं, मग देवाचं नाव घेतलं आणि मग मेहुण्याला फोन केला. मेहुणा म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ, कोपऱ्यावरच त्याचं केशकर्तनालय होतं. पाच मिनिटांत तो पेटी घेऊन हजर झाला.

"दाजी, काय केलंत हे?"

"डाग काढला."

"फार मोठा काढलात! ताई केव्हा येणार?"

"संध्याकाळी."

"मग बसा शांत. केस ते केस. माणसाचे काय अन् गाईचे काय." त्यानं सवयीनं एक पांढरा कपडा झटकला, सावळीच्या मानेभोवती गळ्यातल्या पट्ट्यावरूनच गुंडाळला, वाटीत रंग कालवला आणि ब्रश फिरवायला सुरुवात केली. "मान जरा खाली... हां. तब्येत बरी आहे ना? घरचे सगळे मजेत?"

"अरे, ती गाय आहे."

"गप्प राहून रंग लावायची सवय नाही हो मला."

अर्ध्या तासानं धुऊन बघितलं तर नारिंगी गोल नाहीसा झाला होता. त्या जागी काळा गोल आला होता. सावळी उन्हातान्हात फिरलेली, तिचा काळा थोडा तांबूस झालेला. मेहुण्याचा काळा मात्र कोऱ्या छत्रीसारखा. गोल आता लांबूनही दिसत होता.

"कडा जरा मिसळून घेतो," मेहुणा म्हणाला.

कडा मिसळता मिसळता तो खांद्यापर्यंत गेला. खांद्यावरून पोटाकडे उतरला. तेवढ्यात एक गृहस्थ अर्ध्या गालावर फेस घेऊन गोठ्याच्या दारात आले. मेहुण्याचं दाढीचं गिऱ्हाईक होतं ते. बराच वेळ खुर्चीत वाट बघून शेवटी शोधत निघालं होतं.

"आलोच दोन मिनिटांत," मेहुणा म्हणाला.

गृहस्थांनी सावळीभोवती एक चक्कर मारली. "उजवी बाजू डावीपेक्षा काळी दिसतेय हो."

झालं! मेहुणा दुकानात धावला, कपाटातली होती नव्हती तेवढी खोकी घेऊन आला. डावी बाजू, चारी पाय, शेपूट, कपाळ सगळं झालं. गृहस्थांनी शेपूट धरली. हेडक्लार्क सावळीच्या कानात "बाळ, माफ कर" असं पुटपुटत राहिले. ती बिचारी रवंथ करत उभी होती. एवढी माणसं एवढा वेळ आपलं अंग चोळताहेत, हे तिला आवडत असावं.

बाई आल्या तेव्हा अंधारून आलं होतं. सकाळी मात्र त्या गोठ्यात गेल्या आणि हेडक्लार्क बाहेर श्वास रोखून उभे राहिले.

"अहो!" आतून हाक आली.

"काय गं?"

"अंग किती चकाकतंय हिचं! काय केलंत काय तुम्ही?"

"खरारा," हेडक्लार्क खालच्या आवाजात म्हणाले.

"गुण आहे हं तुमच्या हाताला." बाई दारातून डोकावल्या. त्यांचा चेहरा खुलला होता. "आता तुम्ही चहा टाका, पुढचं मी बघते." आणि त्यांनी गोठ्याचं दार आतून लावून घेतलं.

आठ महिन्यांतली ती पहिली शाबासकी. हेडक्लार्कांना ती गिळताही येईना, थुंकताही येईना. चहा अर्थातच उतू गेला.

प्रदर्शनाच्या मैदानात काळ्या गाई ओळीनं उभ्या होत्या. सावळी सगळ्यांत उठून दिसत होती. परीक्षक म्हणजे एक वयस्कर पशुवैद्य, मितभाषी, बारीक नजरेचे. त्यांनी सावळीच्या पाठीवरून हात फिरवला. थांबले. पुन्हा फिरवला. मग खिशातून पांढरा रुमाल काढला, पाण्यात भिजवला आणि तिच्या मानेवर घासला.

रुमाल काळा झाला.

दोरीपलीकडून हेडक्लार्कांनी ते पाहिलं. परीक्षकांनी रुमाल बाईंच्या डोळ्यांसमोर धरला. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. बाई मान खाली घालून उभ्या आहेत, हे दृश्य हेडक्लार्कांनी उभ्या संसारात पाहिलं नव्हतं. ते त्यांना पाहवलं नाही. दोरी ओलांडून ते धावत मैदानात गेले.

"साहेब, तिला काही बोलू नका! तिला यातलं काही ठाऊक नाही. रंग मी लावला. आधी ब्लीच लावलं, मग रंग लावला. सगळा दोष माझा."

बाईंनी झटकन मान वर केली. "काय लावलंत?"

"शक्यच नाही!" गर्दीतून मेहुणा ओरडला आणि तोही दोरीखालून आत शिरला. "साहेब, माझा रंग असा सुटणारच नाही. वीस वर्षांत कुणाच्या उशीला लागल्याची तक्रार नाही! घासा, पाठीवर घासा!"

परीक्षकांनी रुमालाची दुसरी बाजू पाठीवर घासली. रुमाल पांढराच राहिला.

"बघा!" मेहुणा म्हणाला.

"मग मानेवरचं हे काय आहे?" परीक्षकांनी विचारलं.

हेडक्लार्कांनी मेहुण्याकडे पाहिलं, मेहुण्यानं हेडक्लार्कांकडे.

"काजळ," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तेलात कालवलेलं. पट्टा घासून घासून तिथे पांढरे केस आलेत तिला. ते मी... दर वर्षी लावते."

"दर वर्षी?" हेडक्लार्कांनी विचारलं.

"तुम्ही गप्प बसा. ब्लीच म्हणे!"

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. "मला एवढंच सांगा, या गाईच्या अंगावर तिचा स्वतःचा रंग नेमका कुठे आहे?"

तिघंही प्रामाणिकपणे विचारात पडले.

"पोटाखाली," शेवटी मेहुणा म्हणाला. "थोडासा. तिथे ब्रश पोचला नाही."

लाउडस्पीकरवरून सावळी बाद झाल्याचं जाहीर झालं. मैदान हसलं. परीक्षकांनी मात्र जाता जाता सावळीच्या गळ्याखाली खाजवलं आणि म्हणाले, "गाय उत्तम आहे हो. तुम्ही दोघांनी तिला जरा एकटी सोडायला हवी होती."

सगळे घराकडे निघाले. मधे सावळी, एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला हेडक्लार्क. मेहुणा शहाणपणानं चार पावलं मागे.

"उद्यापासून मी गोठ्यात पाऊल टाकत नाही," हेडक्लार्क म्हणाले.

थोडं चालून गेल्यावर बाईंचे खांदे हलायला लागले. हेडक्लार्क घाबरले. मग त्यांच्या लक्षात आलं की बाई हसताहेत.

"पोटाखाली म्हणे! थोडासा!" बाईंनी पदरानं डोळे पुसले. "दोन वर्षं त्या पांढऱ्या केसांपायी मला झोप नव्हती हो. कुणाला सांगायची सोय नाही. तुम्हाला तर नाहीच. तुम्ही नियमाचे पक्के. मला वाटायचं, यांना कळलं तर यांच्या मनातून उतरेन मी."

"आणि मी ब्लीचची बाटली गवताखाली लपवली," हेडक्लार्क म्हणाले.

"गवताखाली? गाईनं खाल्ली असती म्हणजे?"

"ते लक्षात आलं नाही."

बाईंनी एक मोठा उसासा टाकला. मग मागे वळून विचारलं, "काय रे, तुझा रंग जायचा किती दिवसांत?"

"जात नाही गं ताई. खालून नवे केस येईपर्यंत तीनेक महिने तरी. मधले दिवस जरा दुरंगी दिसेल, एवढंच."

"हं." बाई पतीकडे वळल्या. "म्हणजे तीन महिने रोज खरारा करावा लागणार. जुने केस झडायला हवेत. माझ्याच्यानं एकटीनं होणार नाही. पहाटे पाचला उठायचं. ब्रश मी देईन. त्या ब्रशाशिवाय दुसरं काहीही हातात दिसता कामा नये."

"पाचला?" हेडक्लार्कांनी विचारलं.

"पाचला. जमेल ना?"

हेडक्लार्कांनी खिशातून फोन काढला, गजर पावणेपाचचा लावला आणि ते पुढे चालायला लागले. तीन महिन्यांऐवजी मेहुण्यानं सहा का सांगितले नाहीत, एवढंच त्यांच्या मनात येत होतं.