उघडूनही बघू नका

शववाहिकेचा ड्रायव्हर कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्यातला नव्हता. नव्या सिंथेटिक ऑइलच्या डब्यावर लिहिलं होतं, 'कडाक्याच्या थंडीतही सहज वाहतं.' "बघूच," म्हणत त्यानं वाटीभर ऑइल घरच्या फ्रीझरमध्ये मटारांशेजारी ठेवलं. सकाळी वाटी तिरपी केली, तर खरंच वाहिलं. बायकोनं मटार फेकून दिले आणि दिवसभर अबोला धरला, पण परीक्षा झाली होती.

एक दावा खरा निघाल्यावर बाकीचे तपासायचे कशाला? दुसरा दावा ठळक अक्षरांत होता: 'वीस हजार किलोमीटर. तोवर उघडूनही बघू नका.' पठ्ठ्यानं खरंच बघितलं नाही. खालून गळत होतं, तरी नाही. लाल दिवा लागला, तरी नाही.

आणि आज भर रस्त्यात इंजिन खडखडलं, धूर ओकलं आणि गप्प झालं. मागे एक प्रेत होतंच, आता पुढेही एक झालं.

शेजारी मृताची बायको बसली होती. विद्युतदाहिनीची ठरलेली वेळ जवळ येत होती. आणखी एकदा गाडी बंद पडली तर घरी बसायचं, असं मालकानं ड्रायव्हरला बजावून ठेवलं होतं. तरी त्यानं मालकाला फोन लावला.

"काय झालं हो?" फोन ठेवताच शेजारून त्या बाईंनी विचारलं.

"काकू, ऑइल संपलंय. पण ऑइल एक नंबर आहे! मी स्वतः तपासून घेतलंय."

"एक नंबर आहे, मग गेलं कुठं?"

ड्रायव्हरनं सीटमागचा रिकामा डबा पुरावा म्हणून त्यांच्या हातात दिला. काकूंनी चष्मा लावला. वाचता वाचता त्यांचा चेहरा कसनुसा झाला.

"अगं बाई! हे तर ह्यांचं वाक्य."

"कोणाचं?"

काकूंनी मानेनं मागे खूण केली. "जाहिराती लिहायचे ना. ह्या एका ओळीसाठी आठवडाभर घरात येरझाऱ्या घातल्या होत्या."

"म्हणजे काकासुद्धा उघडून बघत नव्हते?"

"छे हो! दर रविवारी बॉनेट उघडून ऑइलची पट्टी बघायचे. मी म्हणायचे, 'अहो, तुम्हीच लिहिलंय ना?' तर म्हणायचे, 'अगं, ते गिऱ्हाइकांसाठी.'"

काकूंना हसू फुटलं, आणि हसता हसताच त्या रडायला लागल्या. ड्रायव्हरनं घाईनं फडकं पुढे केलं. ते काळंकुट्ट होतं, म्हणून तसंच मागे घेतलं.

मालक दुसरी शववाहिका घेऊन आला, तो तोंडाचा पट्टा सोडतच. "आजच्या दिवशी गाडी बंद पाडलीस? चावी दे इकडे! काकू, तुम्ही फक्त सांगा, चूक ह्याचीच ना? आत्ताच्या आत्ता काढून टाकतो."

ड्रायव्हरनं मान खाली घालून चावी पुढे केली.

"ह्या दादांची नाही," काकू म्हणाल्या. "ज्यांची आहे, ते मागे झोपलेत."

मालकानं मागे पाहिलं. त्यानं पुढे केलेला हात मागे घेतला. चावी ड्रायव्हरच्या हातातच राहिली.

तिरडी नव्या गाडीत चढली. काकू मात्र चढेनात.

"आधी बॉनेट उघडा."

ड्रायव्हरनं पट्टी काढली, पुसली, पुन्हा बुडवून काढली आणि काकूंसमोर धरली. ऑइल भरपूर होतं.

"चला," काकू म्हणाल्या. "आज रविवारच आहे."