हेरंबरावांच्या मत्स्यटाकीस दुसरी वाट दिल्याची हकीकत

प्रथम विघ्नहर्त्यास वंदन, मागाहून विजेस वंदन, की दिल्लीत ती कधी पाठ फिरवील याचा भरवसा नाही. यमुनापार मयूर विहारी, सोसायटीचे तिसरे मजल्यावर राजमान्य राजश्री हेरंबराव, केंद्र सरकारचे कचेरीतील मातबर असामी, यांजपाशी काचेची टाकी आणि टाकीत सोनेरी मासे होते. कचेरीत रावांचे टिपण वरिष्ठ वाचीत नसत आणि घरी कुटुंब रेवतीबाई ऐकून घेत, परंतु ऐकत नसत. राव जवळ येताच मुजऱ्यास धावणारी रयत काय ती हे मासे, म्हणोन त्यांजवर रावांचा जीव फार.

टाकीचा बंदोबस्त ऐसा की, खालचे कपाटात दुसरी टाकी, तेथून मोटार गाळीव पाणी वर चढवी आणि वाढले पाणी नळीने आपसूक खाली उतरे. मग जानेवारीत रावांची स्वारी सालाबादप्रमाणे सहकुटुंब पानिपतास काला अंब येथे गेली आणि तेथे रावांनी, परतीची वाट एकच होती आणि गनिमाने तीच दाबिली, म्हणोन घात जाहला, ऐसे गहिवरून कथन केले. आणि त्याच समयी घरी टाकीतील एक गोगलगाय नळीचे तोंडावर ठाण मांडून बसली. मोटारीने इमानेइतबारे पाणी चढविले, पाणी काठ ओलांडून गेले आणि खालचे मजल्यावर सुनंदाबाईंच्या नव्या फॉल्स सीलिंगमधून थेट सोफ्यावर उतरले.

सुनंदाबाई म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरी. त्यांचे फर्मान सुटले की, पुन्हा एक थेंब आला तर टाकी मासळीसुद्धा घराबाहेर. रावांस अन्न गोड लागेना. मग मासे विकणाराने मसलत दिली की, टाकीचे कोपऱ्यात काळा डबा उभा करावा आणि पाणी त्यातून उतरवावे. परंतु डब्याने माशांचा निम्मा मुलूख गिळला असता, म्हणोन रावांनी ती धुडकाविली आणि पाठीमागचे काचेस भोक पाडून जाळीची जाड नळी बसविण्याचा नकाशा काढिला आणि त्यावर आपणच ‘मंजूर’ ऐसा शेरा मारिला.

रेवतीबाईंनी मेथी निवडता निवडता नकाशा पाहिला. “एकच भोक? अहो, दर वर्षी पानिपतात उभे राहून सांगता की वाट एकच होती. पाण्याला तरी दुसरी ठेवा, यार.”

राव लाजले, परंतु दुसरे दिवशी हीच मसलत आपली म्हणोन जाहीर केली. मग दुसरे भोक पहिल्याहून दोन बोटे वर पाडिले आणि त्यास स्वतंत्र नळी दिली, आणि पाणी चढविणारे नळीस पातळीलगत बारीक छिद्र ठेविले, की वीज गेल्यास हवा शिरावी आणि पाणी उलटे ओढले जाऊ नये.

परीक्षेस खाशा सुनंदाबाई आल्या आणि त्यांनी आपल्या हाते ओला रुमाल खालचे जाळीवर दाबिला. पाणी एक बोट चढले आणि मग आणखी एक, आणि रावांचा जीव टांगणीस लागला. इतक्यात वरली नळी घरघरत जागी जाहली आणि पाणी त्या वाटेने निमूट कपाटात उतरू लागले. मग वीजही गेली. सर्वांनी वाकून खाली पाहिले, तो खालचे टाकीतील पाणी काठाअलीकडे थांबले होते आणि फरशी कोरडी होती.

“अच्छा, बिल्कुल ठीक आहे,” बाई म्हणाल्या आणि रावांचे खुर्चीत बसल्या. “गोड आहेत हो मासे.”

मग तह जाहला. टाकी कायम राहिली. परंतु छत आपले, सबब रोज सायंकाळी पाहणीचा हक्क बाईंनी घेतला आणि चौथाईदाखल चहा-खारी लावून घेतली. आता राव मेट्रोने घरी पोहोचतात तो बाई खुर्चीत असतात, दाणे टाकितात, आणि सारे मासे त्यांजपुढे दाटी करितात. राव स्टूल ओढून त्यांचे मागे बसतात, आणि मासे रावांकडे पाहातही नाहीत.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली.