पाहुण्यांची दुसरी चाल

बुद्धिबळाचा विकास व्हायचा असेल तर आधी स्टेज मजबूत पाहिजे. खेळाडू कुठेही बसतात. पायरीवर बसतात, सतरंजीवर बसतात. एकदा तर आमच्याकडे दोघे जण वरातीच्या जीपच्या बॉनेटवर पट मांडून बसले होते आणि जीप सुरू होईपर्यंत उठले नाहीत. पाहुण्यांचं तसं नसतं. पाहुण्यांना सोफा लागतो आणि सोफ्याला स्टेज लागतं. ज्या तालुक्याला हे कळलं, त्या तालुक्यात बुद्धिबळ रुजलं म्हणून समजा.

मुळशीत ते रुजलेलं आहे. आमच्या बुद्धिबळ प्रसार मंडळाची शनिवार-रविवारची खुली स्पर्धा डिसेंबर २००६ मध्ये पिरंगुटच्या एका मंगल कार्यालयात थाटात पार पडली. तिचा निकाल आणि ठळक घडामोडी सभासद व हितचिंतकांच्या माहितीसाठी इथे देत आहे. (मी मंडळाचा सहसचिव. सचिव कोणी नाही. ते पद पुढच्या देणगीदारासाठी राखून ठेवलं आहे.)

आधी आकडेवारी. खेळाडू चौसष्ट, म्हणजे पटावरच्या घरांइतकेच. हा योगायोग अध्यक्ष दयानंदशेठ यांनी भाषणात तीनदा सांगितला आणि तिन्ही वेळा तो त्यांना नव्याने सुचला. शाली एकेचाळीस, नारळ एकेचाळीस. बुद्धिबळाची घड्याळं नऊ, पैकी चालणारी सात. भाषणं चौदा, सगळी चालणारी. फेऱ्या सात ठरल्या होत्या, पण सत्कारांना वेळ कमी पडू लागला तेव्हा त्या पाचवर आणल्या. खेळाडूंनी तक्रार केली नाही. हिंजवडीहून आलेले आयटीवाले तर म्हणाले, की आमच्या ऑफिसातही मीटिंगमधून वेळ उरला तरच काम असतं, त्यामुळे इथे अगदी घरच्यासारखं वाटतंय.

आता एका प्रथेविषयी. स्पर्धा कुठलीही असो, पहिल्या पटावरची पहिली चाल प्रमुख पाहुणे करतात. टाळ्या होतात, फोटो निघतो, पाहुणे जातात. मग खेळाडू ते प्यादं हळूच मागे ठेवतो आणि आपला खरा डाव सुरू करतो. आमच्याकडेही असंच चालायचं. गेल्या वर्षी मात्र पाहुणे विसरलेला मफलर घ्यायला परत आले आणि आपलं प्यादं माघारी जाताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मग त्यांनी टेबलावरचा चषक उचलला, गाडीत ठेवला आणि निघून गेले. (चषक त्यांनीच दिलेला होता, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.)

त्यानंतर मंडळाने ठराव केला : पाहुण्यांची चाल कोणत्याही परिस्थितीत मागे घेतली जाणार नाही. ठराव एकमताने मंजूर झाला. आमचे पंच चंद्रकांत सर, म्हणजे मंडळात ज्यांना हा खेळ येतो ते एकमेव गृहस्थ, मतदानाच्या वेळी पाणी प्यायला गेले होते आणि तहान भागेपर्यंत आले नाहीत.

यंदाचे प्रमुख पाहुणे होते पंचायत समितीतलं वजनदार नाव, हैबतराव. त्यांच्या हस्ते शनिवारी सकाळी उद्घाटन होतं. ते रविवारी दुपारी आले. तोवर चार फेऱ्या होऊन गेल्या होत्या. उद्घाटनाआधी झालेल्या फेऱ्या धरायच्या कशा, असा बारीक प्रश्न चंद्रकांत सरांनी काढला. त्या फेऱ्या ‘उद्घाटनाच्या अधीन राहून’ झाल्या आहेत असा खुलासा मंडळाने केला आणि शेवटच्या फेरीच्या तोंडावर स्पर्धेचं उद्घाटन केलं.

चारही डाव जिंकलेले दोनच खेळाडू उरले होते, आणि त्यांचा पट स्टेजवर मांडला होता. पांढऱ्या सोंगट्या अमोघकडे. हा मूळचा लातूरचा, हिंजवडीत कंपनीत, स्वभावाने इतका व्यवस्थित की स्वतःचं घड्याळ घेऊन आलेला. काळ्या सोंगट्या आलियाकडे. ही पिरंगुटच्या बाजारपेठेतल्या अलाउद्दीनभाईंची मुलगी, नववीतली. जो जिंकेल तो तालुक्यातर्फे जिल्हा निवड स्पर्धेला जाणार होता. आलियाला जायचंच होतं आणि तिने ते लपवलंही नव्हतं. बॅग भरून ठेवली आहे, असं तिने शाळेत सांगून टाकलं होतं. अशा वयात माणसाने एवढं उघड काही मागू नये, असं माझं मत आहे.

हैबतराव पांढऱ्या बाजूने वाकले आणि राजाशेजारच्या उंटापुढचं प्यादं त्यांनी एक घर सरकवलं. चाल नम्र होती. मग त्यांना घड्याळ दिसलं आणि घड्याळावरचं बटण दिसलं. हातपंपापासून पिठाच्या गिरणीपर्यंत सर्व काही सुरू करून दिलेला माणूस. त्यांनी बटण दाबलं. आलियाचा वेळ सुरू झाला, म्हणून तिने नियमाप्रमाणे राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. इतक्यात फोटोग्राफर विलास म्हणाला, ‘‘भाऊ, डोळं मिटलं तुमचं. आणिक एक चाल करा.’’ भाऊंनी आनंदाने त्याच्या शेजारचं, घोड्यापुढचं प्यादं दोन घरं रेटलं आणि पुन्हा बटण दाबलं. फोटो उत्तम आला आहे.

या दोन चालींविषयी सभासदांना थोडी माहिती असावी, म्हणून ती चंद्रकांत सरांना विचारून देतो. बुद्धिबळात पराभवाचे रस्ते पुष्कळ आहेत, पण याहून जवळचा एकही नाही. राजाच्या दारातली ही दोन प्यादी अशी सरकली, की काळ्याने वजीर तिरका नेऊन पटाच्या कडेला उभा करायचा, डाव संपला. दोन चालींत मात. शिकणाऱ्याला ती पहिल्याच आठवड्यात दाखवतात आणि मग आयुष्यात पुन्हा भेटत नाही, कारण ती व्हायला पांढऱ्याची मनापासून मदत लागते.

अमोघ हळू आवाजात सरांना म्हणाला, की फॉर्मॅलिटी झाली असेल तर रीसेट करूया का. सरांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी हैबतरावांकडे पाहिलं. हैबतराव सोफ्याकडे न जाता पटाशेजारी खुर्ची ओढून बसले होते. ‘‘आता बघूनच जातो,’’ ते म्हणाले. ‘‘आपलाच डाव हाय.’’

घड्याळ थांबवण्यात आलं. मंडळाची तातडीची बैठक रुखवत मांडायच्या खोलीत भरली. चाल मागे घ्यावी, तर ठराव आड येत होता. मात होऊ द्यावी, तर भाऊ दोन चालींत हरत होते, तेही नववीतल्या मुलीकडून, आणि जेवणाचा खर्च त्यांनी अजून कबूल करायचा होता. लोडशेडिंगची वाट पाहावी अशी एक सूचना आली. पण रोज दुपारी न चुकता जाणारी वीज नेमकी त्या दिवशी जायला तयार नव्हती. शेवटी मुलीनेच समजूतदारपणा दाखवावा, असं ठरलं. तिने कोणती चाल करावी हे आम्ही सांगणार नव्हतो. खेळाडूच्या स्वातंत्र्यात मंडळ कधीच पडत नाही. एक सोडून कुठलीही चाल कर, एवढंच म्हणणं होतं.

हे तिला सांगायचं काम तिच्या वडिलांना देण्यात आलं. अलाउद्दीनभाईंचं सायकलचं दुकान आहे. दुकानापुढची पत्र्याची शेड रस्त्यात येते की रस्ता शेडमध्ये येतो, हा विषय बरेच दिवस हैबतरावांकडे विचाराधीन होता. दयानंदशेठनी भाईंच्या खांद्यावर हात ठेवला, शेडची चौकशी केली, आणि मग बुद्धिबळाचा विषय काढला. इतक्या हळुवारपणे बोललेले शेठ मी पूर्वी पाहिले नव्हते.

भाई स्टेजवर गेले. मी जवळच उभा होतो.

‘‘आलिया, हे म्हणत्यात दुसरं काय तरी खेळ.’’

‘‘मला दिसतंय, अब्बा.’’

‘‘काय दिसतंय?’’

‘‘ह्या चालीत डाव संपतोय. दिसत असून दुसरं खेळले तर खोटं खेळल्यागत हुईल.’’

भाईंना खेळ येत नाही. एक्स-रे हातात दिल्यावर आपण जसं बघतो, तसे ते पटाकडे बघत राहिले. मग त्यांनी हैबतरावांकडे पाहिलं आणि परत मुलीकडे.

‘‘दिसतंय तर कर,’’ ते म्हणाले. ‘‘शेडचं मी बघतो.’’

मला त्या माणसाचा राग आला, हे मी स्पष्टच लिहितो. शेड काय त्याच्या एकट्याची होती? तिच्या सावलीत दयानंदशेठची गाडी उभी असते.

आलियाने वजीर उचलला, तिरका नेऊन कडेला ठेवला आणि ‘‘मात’’ म्हणाली. आवाज न चढवता म्हणाली. उरलेले बासष्ट खेळाडू आपापले पट सोडून स्टेजभोवती गोळा झाले होते, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

‘‘काय झालं?’’ हैबतरावांनी विचारलं.

इथे अध्यक्षांच्या प्रसंगावधानाचं कौतुक केलं पाहिजे. ते म्हणाले, ‘‘भाऊ, डाव संपला. तुमच्या दोन चालींतच संपला. आता फुडं कुणाला चालच न्हाई.’’ यातला एकही शब्द खोटा नव्हता.

‘‘म्हंजी जिंकलो?’’

अध्यक्ष टाळ्या वाजवू लागले. तेव्हा आलिया खुर्चीवरून उठली आणि सभागृहाकडे वळून तिने विचारलं, ‘‘तुमा सगळ्यांना दिसली ना मात?’’

समोर सगळे बुद्धिबळपटू होते. ती मात ओळखता येत नाही असा त्यांत एकही नव्हता. बाहेर संध्याकाळच्या लग्नाचा बँडवाला ट्रम्पेट फुंकून बघत होता, तेवढाच काय तो आवाज. आता कोणीतरी काहीतरी बोलणार, असं मला वाटलं. मग एक टाळी पडली, दुसरी पडली आणि सभागृह दणाणून गेलं.

निकाल पुढीलप्रमाणे. प्रथम : हैबतराव (दोन चाली, मंडळाच्या इतिहासातला सर्वांत जलद विजय). द्वितीय : अमोघ (पाहुण्यांना सोंगट्या उपलब्ध करून दिल्याबद्दल). उत्तेजनार्थ : आलिया (विजेत्याला तोलामोलाची साथ दिल्याबद्दल). बाकी सर्वांना प्रमाणपत्र. चंद्रकांत सरांनी निकालावर सही करताना चष्मा घरी राहिल्याचं सांगितलं. (चष्मा डोळ्यांवर होता.) अमोघने ढाल घेतली आणि कंपनीची कॅब खाली थांबली होती म्हणून तो लगेच निघाला. जाताना तो आलियाला ‘छान खेळलीस’ असं म्हणाला, पण फक्त तिलाच ऐकू जाईल अशा बेताने.

जिल्ह्याला तालुक्यातर्फे अर्थातच हैबतरावांचं नाव गेलं. ते स्वतः गेले नाहीत, कारण त्या दिवशी रिहे गावात एका पुलाचं भूमिपूजन होतं. मुळशीची खुर्ची रिकामी राहिली. समोरच्या खेळाडूने घड्याळ सुरू केलं आणि मुळशीचा वेळ संपेपर्यंत तो वडापाव खाऊन आला, असं कळतं.

अलाउद्दीनभाईंची शेड जागेवर आहे. जिंकलेला माणूस मनाने मोठा होतो. हैबतराव तर आता त्या रस्त्याने जाताना गाडीची काच खाली घेऊन आलियाला ‘पुन्हा एकदा बसू’ असं सांगतात. म्हणजे तिचं काही नुकसान झालं नाही, असं मंडळाचं मत आहे. तिचं मत मंडळाने मागवलेलं नाही. बॅग तिने रिकामी केली आणि त्याच बॅगेतून ती आता वह्या-पुस्तकं नेते.

पुढच्या स्पर्धेसाठी त्या चौसष्टांपैकी त्रेसष्ट जणांचे अर्ज आले आहेत. आलियाचा आलेला नाही. तुमचा पहिल्याच दिवशी आला. अर्जासोबतच्या चिठ्ठीत तुम्ही लिहिलं आहे, की त्या मुलीवर अन्याय झाला, मला फार वाईट वाटलं, आणि या वेळी जेवणात गोड काय आहे. तुमची भावना मंडळापर्यंत पोहोचवली आहे. गोड जिलबी आहे.

विलासने काढलेला आणखी एक फोटो, आलिया सभागृहाकडे वळून उभी आहे तो, मोठा करून मंडळाच्या कार्यालयात लावला आहे. त्यात तुम्ही पुढच्या रांगेत डावीकडून तिसरे आहात. चेहरा अगदी स्पष्ट आहे, नजर तिच्यावर आहे, आणि तुम्हाला खरोखरच वाईट वाटत होतं हे कोणालाही दिसेल. हात तेवढे अस्पष्ट आले आहेत, कारण ते टाळ्या वाजवत होते.