डाव्या कुशीचा आकडा

गोपाळकृष्ण पाळंदे जेवून डाव्या कुशीवर झोपले आणि वीस मिनिटांत तिकडे बंगळुरात त्यांच्या मुलीचा फोन बोंबलू लागला.

पाळंदे गणिताचे निवृत्त शिक्षक. साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. जेवल्यावर लगेच दहा मिनिटं चाललं तर मधुमेह लांबवता येतो का, याचा अभ्यास सदाशिव पेठेतल्या डॉक्टर स्वराली करत होत्या. त्यात त्यांनी पाळंद्यांना घेतलं होतं आणि त्यांच्या डाव्या दंडावर रुपयाएवढा सेन्सर चिकटवला होता. साखरेचा आकडा दर पाच मिनिटांनी त्यांच्या फोनवर आणि तिथून सुरुचीच्या, म्हणजे मुलीच्या, फोनवर जाई. पाळंदे चालायचं सोडून झोपत, हा भाग वेगळा.

"आई, बाबांची शुगर चोपन्न आहे! काहीतरी गोड दे, पटकन!"

आनंदीबाई धावल्या. गेले चार महिने त्यांनी गुळाचा खडासुद्धा नवऱ्याच्या नजरेस पडू दिला नव्हता. आज पाहुण्यांसाठी म्हणून फ्रीजच्या तळाशी दडवलेलं श्रीखंड त्यांनी स्वतःच्या हातानं नवऱ्याला भरवलं. पाळंदे दचकून उठले, पण जिभेवर काय आहे ते कळल्यावर त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

"अजून गरगरतंय," ते क्षीण आवाजात म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तोच प्रकार. तिसऱ्या दिवशी पाळंद्यांमधला गणिताचा मास्तर जागा झाला. उजव्या कुशीवर झोपून पाहिलं, आकडा ढिम्म. उताणं झोपून पाहिलं, तरी ढिम्म. डाव्या कुशीवर सेन्सर दाबला गेला, की मात्र धाडकन खाली! गणित सुटलं. उत्तर त्यांनी कोणालाही दाखवलं नाही.

मग बासुंदी झाली, पेढे झाले. आरडाओरडा ऐकून खालच्या मजल्यावरचे अवधूत "इमर्जन्सीला असू द्या" म्हणत गुलाबजाम देऊन गेले. आठव्या दिवशी दुपारी सुरुचीच विमानानं येऊन दारात उभी राहिली.

"बाबा, चला. ॲडमिट करायचंय."

"अगं, मला काही झालेलं नाही!"

"असंच म्हणतात सगळे," आनंदीबाई डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या. पाळंद्यांना खरं सांगावंसं फार वाटलं. पण तोंडात पेढा होता.

दवाखान्यात डॉक्टर स्वरालींनी आठवड्याचा आलेख पाहिला. "काकांना एकही गोळी चालू नाही. मग साखर इतकी खाली जाईलच कशी? काका, कुठल्या कुशीवर झोपता?"

पाळंदे पंख्याकडे बघू लागले.

"सेन्सरवर भार पडला, की तो खोटं बोलतो," डॉक्टरांनी समजावलं.

"सेन्सर एकटाच नाही बोलत," सुरुची म्हणाली.

डॉक्टरांनी पाळंद्यांच्या बोटाला सुई टोचली. एकशे एकतीस.

"शक्यच नाही!" आनंदीबाई उसळल्या. "आठवडाभर गोड खाऊन? तुमचं यंत्र बिघडलंय."

"मग तुमच्या बोटावर बघू."

दोनशे अडुसष्ट.

"ह्यांना दोन चमचे दिले की डबा उघडा राहायचा," आनंदीबाई पुटपुटल्या. "उरलेलं टाकायचं का?"

"आणि त्याआधी चार महिने?" सुरुची आईकडे वळली.

"पाहुण्यांसाठी आणलेलं खराब व्हायला नको म्हणून..."

"पाहुणे कधी आले होते?" सुरुचीनं विचारलं.

पाळंद्यांच्या जिभेवर चार महिन्यांचं उट्टं काढणारं एक झकास वाक्य तयार होतं. पण बोटावर कापूस दाबून धरलेली बायको यंत्रावरचा आकडा पुन्हा पुन्हा वाचताना दिसली आणि त्यांनी ते गिळलं.

"डॉक्टर, उद्यापासून मी रोज चालेन," ते म्हणाले. "ही बरोबर येणार असेल तर."

दुसऱ्या दिवशी जेवणं होताच दोघं बाहेर पडली. कालच्या आकड्याचा सगळा राग आनंदीबाईंच्या पायांत उतरला होता. त्या तरातरा पुढे, पाळंदे धापा टाकत वीस पावलं मागे. अवधूत गॅलरीतून बघत होते.

"काय सर, भांडण झालं वाटतं?"

"नाही हो," पाळंदे कसेबसे म्हणाले, "संशोधन चाललंय!"

"चाललंय कुठलं?" मागे वळूनही न पाहता आनंदीबाई म्हणाल्या, "रेंगाळतंय."