कानामागे अजून थोडे

"साहेब, मुलीच्या खर्चाचे पैसे मी दर महिन्याला भरतो, पुढेही भरेन. पण ते रविवारचं भेटणं तेवढं रद्द होईल का?" सलूनवाल्याने खुर्चीत टेकता टेकताच विचारलं.

वकील चक्रावला. त्याच्याकडे येणारे बाप नेमकं उलटं मागायचे. "पैसे काही चुकायचे नाहीत, भेटा अगर न भेटा," तो म्हणाला. "भेटायचं की नाही, ही तुमची मर्जी. कोर्ट कुणाला हाताला धरून नेत नाही. पण अडचण काय आहे?"

"बोलायला सुचत नाही हो! परवा पहिल्यांदा आली, दोन तास नुसते एकमेकांकडे बघत बसलो."

हे त्याच्या गिऱ्हाइकांनी ऐकलं असतं तर हसून हसून त्यांच्या पोटात दुखलं असतं. माणूस खुर्चीत बसला, गळ्याभोवती कापड आलं, की सलूनवाल्याच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा तो पावडर लावेपर्यंत. पण तोच माणूस समोर येऊन उभा राहिला की याची दातखीळ बसायची. बायको त्याच्याकडून केस कापून घेत नसे. त्यामुळे अकरा वर्षांच्या संसारात बोलणं असं झालंच नाही, आणि शेवटी जे काही बोलायचं ते दोघांच्या वकिलांनी बोलून टाकलं.

"अजून तीन रविवार बघा," वकील म्हणाला. "नाहीच जमलं, तर तसं लिहून द्या."

पुढच्या रविवारी तीनच्या ठोक्याला लेक सलूनमध्ये आली. नऊ वर्षांची, कमरेपर्यंत दोन वेण्या. बाकावर बसून पाय हलवू लागली.

"शाळा कशी आहे?"

"बरी."

"जेवलीस?"

"हो."

विषय संपले. तीन वाजून दोन मिनिटं झाली होती. तेवढ्यात लेक उठून फिरत्या खुर्चीत चढली आणि सवयीने त्याच्या हातांनी तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं. "फक्त टोकं घेतो हं," तो म्हणाला. कात्री सुरू झाली आणि तिच्यामागोमाग तोंडही.

"तू झालीस ना, तेव्हा मी एका गिऱ्हाइकाची मिशी करत होतो. फोन आला तसा अर्धी मिशी ठेवून पळालो!"

"मग?"

"मग काय! तो बिचारा तुला बघायला दवाखान्यात आला, तोही अर्ध्या मिशीने!"

लेक खदखदून हसली. मग ती "मग?" म्हणत गेली आणि हा कापत गेला. पाच वाजले तेव्हा वेण्या जमिनीवर होत्या.

त्यानंतरच्या रविवारी एक बाजू जरा लांब वाटली म्हणून दुसरी कमी केली, ती जास्तच कमी झाली म्हणून पहिली घेतली. बायकांचे केस कापायचा त्याला सराव नव्हता. हाताला पुरुषांचीच कटिंग ठाऊक, तीच होत गेली, आणि मुलगी घरी गेली ती मागून बारीक मशीन मारून.

रात्र व्हायच्या आतच फोन आला. तिची आई लग्नात त्याला 'तू' म्हणायची, निकाल लागल्यापासून 'तुम्ही' म्हणत होती.

"मी मुलगी पाठवली होती. परत आलंय ते कोण?"

"ते... जरा जास्त झालं."

"पैसे वेळेवर देता म्हणून पोरीला सोलायची परवानगी मिळत नाही! पुढच्या वेळी एक केस कमी झाला तर बघा. आणि भेटायचं नसेल तर सरळ लिहून द्या. पोरगी शनिवारपासूनच बूट घालून बसते."

चौथ्या रविवारी सलूनवाल्याने कात्र्या कपाटात बंद केल्या. शाळा बरी होती. जेवण झालं होतं. दोघं समोरासमोर मूग गिळून बसले. अर्ध्या तासाने त्याने कागद ओढला आणि 'मी स्वखुशीने' इथपर्यंत लिहिलं.

"बाबा, काय लिहितोयस?"

"तुला उगाच यावं लागतं ना इथे. कंटाळतेस."

लेक त्याच्याजवळ आली, मान वाकडी केली आणि कान दुमडून दाखवला. "हे बघ, इथे अजून थोडे आहेत. काप ना."

"आई ओरडेल गं!"

"ओरडू दे. केस येतात परत. पण कात्री थांबली की तू बोलायचा थांबतोस."

मुलीने आपला आवाज ऐकायला दोन वेण्या दिल्या, आणि आपण तिला सोडायला निघालो होतो, याची सलूनवाल्याला भयंकर लाज वाटली. त्याने कागदाचे तुकडे केले, कपाट उघडलं, तिला खुर्चीत बसवलं आणि तिच्या डोक्यापासून चांगली वीतभर लांब, नुसत्या हवेत कात्री चालवायला सुरुवात केली. कचकच, कचकच. तोंड आपोआप सुटलं.

पाच वाजता आई दारात आली. कात्री दिसताच तिने ओरडायला तोंड उघडलं, पण जमिनीवर एक केस नव्हता.

"तुझ्या आईला पहिल्यांदा पाहिलं ना," सलूनवाला पाठमोरा सांगत होता, "तेव्हा मला इतकं काय काय बोलायचं होतं..."

लेकीला आरशात आई दिसली. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि डोळ्यांनीच बाक दाखवला. आई गिऱ्हाइकासारखी निमूटपणे बसली.

"काय काय बोलायचं होतं, बाबा?" लेक म्हणाली. "सगळं सांग. सावकाश."