आबांच्या फ्लेक्सवरचा चौकोन

दिग्विजयने कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम बदलायची ठरवली, तेव्हा त्याला फक्त शांतता हवी होती. सासऱ्यांच्या भावकीत काडी टाकायचा विचार त्याच्या मनाला शिवलाही नव्हता (सासरवाडीत तो पाणीसुद्धा खुणेनेच मागायचा).

पिंपळीत घराच्या पुढच्या खोलीत तो फ्लेक्सची डिझाइनं करायचा. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. पण वाढदिवस, निवड आणि फेरनिवड यांच्या जोरावर संसार बरा चालला होता. दुखणं एकच. कॉम्प्युटरवर घडीघडीला चौकोन उगवायचे. ‘अपडेट करा.’ ‘अभिनंदन, तुम्ही फोन जिंकलात!’ ‘धोके आढळले!’ न वाचता ते बंद करायची त्याला इतकी सवय लागली होती की बायकोने, म्हणजे प्रगतीने, “वाढू का?” विचारलं तरी त्याच्या उजव्या हाताचं बोट आपोआप हलायचं.

त्यातच प्रगतीच्या वडिलांची साठी आली. हिंदुराव, म्हणजे सगळ्यांचे आबा, इंदापूरकडचे ऊसवाले बागायतदार. “जावई काय करत्यात?” असं कुणी विचारलं की आबा म्हणत, “बसत्यात.”

“अहो, फ्लेक्स असा करा, की आबांनी पुन्हा ‘बसत्यात’ म्हणायला नको,” प्रगतीने बजावलं.

दिग्विजय जीव ओतून कामाला लागला. वर फेटेवाले आबा, मध्ये ‘शुभेच्छुक’, खाली एका ओळीत भावकीतले अकरा जण. आधी कुणाचा फोटो, यावरून भावकीत दोनदा रुसवे झाले, ते फोनवरून मिटवले. टोकाला, संकोचून, स्वतःचा फोटो लावला. प्रगतीचे हात कणकेत होते, म्हणून कॉम्प्युटरच्या पडद्याचाच फोटो काढून तिच्या मोबाईलवर पाठवला.

“आबा गोरे दिसत्यात,” आतून पसंती आली.

तेवढ्यात पुन्हा तीन चौकोन आले. दिग्विजयचा संयम संपला. त्याने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या सुप्याच्या परवेजला बोलावलं.

“लिनक्स टाकू,” खिशातून पेनड्राइव्ह काढत परवेज म्हणाला. “एक चौकोन दिसला तर माझं नाव बदल.”

काम सुरू करून देऊन परवेज स्वयंपाकघरात थालीपीठ खायला बसला. नवी सिस्टीम मोठी सभ्य होती. तिने अख्ख्या कामात एकच प्रश्न विचारला: ‘डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. चालेल?’

दिग्विजयचं बोट हललं.

“परवेज, कायतरी विचारत होतं रं.”

“काय?”

“वाचलं न्हाय. ‘हो’ म्हणलं.”

परवेज हातातल्या घासासकट धावत आला. पडदा स्वच्छ होता. एकही चौकोन नव्हता. आबाही नव्हते.

“सगळं दुसरीकडं ठेवलं हुतंस ना?”

“दुसरीकडं म्हंजे कुठं?”

परवेजने घास गिळला आणि गाडीची किल्ली शोधायला लागला.

वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता. पुन्हा फोटो मागायचे म्हणजे पुन्हा रुसवे. मग प्रगतीलाच आठवलं, की तिच्या मोबाईलवर तो पडद्याचा फोटो आहे! दिग्विजयने तोच बारामतीला छापायला पाठवला. “जरा धुरकट यील,” छापणारा म्हणाला. फ्लेक्स परस्पर आबांच्या गावी गेला.

सकाळी चौकात हलगी वाजली, फ्लेक्सवरचा पडदा ओढला गेला आणि हलगी मध्येच थांबली. आबा धुरकट होते, पण हसत होते. खाली मात्र ‘शुभेच्छुक’ दिसत नव्हतं. पडद्याचा फोटो काढताना नेमका तिथेच एक चौकोन उगवला होता, आणि सवयीपायी दिग्विजयच्या डोळ्यांना तो दिसलाच नव्हता. आता तो खाटेएवढा झाला होता. भावकीच्या डोक्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं: ‘बारा धोके आढळले! आत्ताच काढून टाका.’

दिग्विजयला धरणीने पोटात घेतलं तर हवं होतं. भावकीतला प्रत्येक जण उरलेल्यांकडे पाहून मान डोलवत होता. “जावयानं बरूबर वळखलं,” बांधावरून तीन भावांशी वैर धरलेले एक काका म्हणाले.

आबा पुढे आले. “जावईबापू, ह्ये तुमी केलं?”

“चुकून, आबा...”

“चुकून? अवो, तीस वर्सं ह्येच बोंबलतोय मी! कुणी ऐकत न्हवतं. तुमी चौकात लावलं!” आबांनी स्वतःच्या हाताने त्याला पेढा भरवला. “आजपास्नं कुणी इचारलं तर सांगणार, जावई लई हुशार हाय.”

समोर प्रगतीचे डोळे भरून आले. पेढा इतका गोड दिग्विजयला कधी लागला नव्हता.

“फकस्त एक सांगा,” फ्लेक्सकडे बघत आबा म्हणाले. “भावकी तर अकराच हाय. बारावा कोण?”

ओळीच्या टोकाला, हात जोडून, दिग्विजय स्वतःच हसत उभा होता.

त्याच्या उजव्या हाताचं बोट आपोआप हललं. पण आबा काही बंद झाले नाहीत.