दोन महालक्ष्म्या आणि तिसरा बल्ब

"आराशीचं लाइटिंग यंदा मी करतो," असं विष्णुपंत बोलून गेले आणि हेमाताईंच्या हातातली करंजी तुटली.

"अहो, भुजंग वायरमनला सांगून ठेवलंय मी! माळा लावून जातो म्हणलाय."

"भुजंग नुसत्या तारा जोडतो. मी हिशोब करून जोडीन."

सेलूत तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस तो. (भाजी आणायला गेले तर दोडक्यांची सरासरी लांबी काढून येतात, दोडके तिथंच राहतात.)

पण यंदा गंमत परवडणारी नव्हती. महालक्ष्म्या इतकी वर्षं सोनपेठला मोठ्या जाऊबाईंकडं, विजयमालावहिनींकडं बसायच्या. यंदा वहिनींच्या गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून मुखवटे सेलूला आले. देताना त्या म्हणाल्या होत्या, "हळदीकुंकवाला येऊन बघते. नीट झालं तर ऱ्हातील तुझ्याकडं, न्हाई तर पुढच्या साली परत सोनपेठ." आणि हेमाताईंना ते मुखवटे हवे होते. अगदी जीव अडकला होता त्यांचा.

विष्णुपंतांनी बारा व्होल्टची जुनी बॅटरी आणि ट्रॅक्टरचे तीन सारखे बल्ब आणले. पुरण वाटणाऱ्या बायकोसमोर कागद धरला.

"हे बघ. एकेका बल्बचा रोध सहा ओहम. तिन्ही समांतर जोडले तर करंट सहा अँपिअर, बॅटरी आरतीआधीच मान टाकंल. म्हणून दोन महालक्ष्म्यांचे दोन बल्ब समांतर. दोघांचा मिळून रोध झाला तीन. त्यांच्याशी एकसर, म्हंजे एकामागं एक, आणखी एक बल्ब, त्याचे सहा. एकूण नऊ. बारा भागिले नऊ, चार तृतीयांश अँपिअर!"

"मंग?"

"मग दोघींना दोन-दोन तृतीयांश. ज्येष्ठा-कनिष्ठेत भेदभाव न्हाई. एकट्या बल्बात चार तृतीयांश, दोघींचे मिळून चार तृतीयांश. दोन्ही बाजू समान!" आणि त्यांनी कागदाखाली 'सिद्ध झाले' असं लिहून टाकलं.

"आन तो एकटा बल्ब कुठं लावायलाव?"

इथं विष्णुपंत जरा लाजले. तो बल्ब एका पाटीवर होता. पाटीवर लिहिलं होतं: 'रचना व गणन: विष्णुपंत चारठाणकर, एम.एस्सी., बी.एड.'

संध्याकाळी विजयमालावहिनी गुडघा धरत दारात आल्या, मागं गल्लीतल्या बायका. विष्णुपंतांनी घरातले दिवे मालवून बटण दाबलं.

पाटी लखलखली! शाईचा ठिपकान्‌ठिपका दिसायला लागला. आणि महालक्ष्म्यांच्या तोंडावर विझत आलेल्या निखाऱ्यासारखा लालसर, मरतुकडा उजेड. वहिनी पाटीपुढं उभ्या राहिल्या, सवयीनं हळद-कुंकवाची बोटं पुढं केली आणि वाचून मागं घेतली.

"भाऊजी, यंदा महालक्ष्म्या बसवल्यात का तुमाला बसवलंय?"

बायका खुदूखुदू हसल्या. हेमाताईंचे डोळे भरून आले.

"अहो वहिनी, हिशोब बरोबर हाय..." विष्णुपंत पुटपुटले.

"खड्ड्यात गेला हिशोब!" म्हणत वहिनींनी पदराचं टोक धरून पाटीवरचा बल्ब काढला. घर गुडूप! एकसर जोडणीतला बल्ब निघाल्यावर दुसरं काय होणार?

"बघा!" अंधारातून विष्णुपंतांचा हर्षभरित आवाज आला. "माझ्या बल्बाशिवाय दोघीही पेटत न्हाईत!"

(अंधारात बायकोचा चेहरा दिसत नव्हता, हे त्यांचं नशीब.)

मग हेमाताईंनी टॉर्च आणून घडीभर कागद वाचला. वहिनींकडून बल्ब मागून घेतला, बसवला, आणि होल्डर वायरसकट उचलून दोन्ही मुखवट्यांच्या बरोब्बर मधोमध टांगला. काय रूप खुललं म्हणता! नथीतला मोती न्‌ मोती हसला. वहिनींनी हात जोडले, दोघींकडं आळीपाळीनं बघितलं आणि म्हणाल्या, "हेमा, ऱ्हाऊ दे मुखवटे तुझ्याकडंच. माह्या घरी एवढ्या देखण्या कधी दिसल्या न्हाईत."

हेमाताईंनी वाकून नमस्कार केला. मुखवट्यांपुढून सुटलेल्या दोन मरतुकड्या बल्बांतला एक त्यांनी चपलांच्या जागेवर लावला आणि दुसरा नवऱ्याच्या पाटीवर.

"अगं, पण ह्यात वाचता कुठं येतंय?" विष्णुपंत कळवळले.

"दोन तृतीयांश," हेमाताई करंज्यांचं ताट त्यांच्या हातात देत म्हणाल्या. "तुमाला आन चपलांना सारखंच. भेदभाव न्हाई."